झाकलेले कोंबडे

कोंबडे झाकल्याने उजाडावयाचे राहत नाही, हे खरेच. पण झाकलेले कोंबडे तरी कोठे गप्प बसते? सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही देहातील घड्याळाच्या जोरावर ठरल्या वेळी आरवते, असे नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखविले. आमच्या वणीत अडचण निराळीच. शेजारचे गृहस्थ कोळशाच्या खाणीतून रात्रपाळी करून येतात. कायद्याची रात्र दहापासून सहापर्यंत; त्यांची उजाडल्यावर सुरू होते! कन्येने पिलापासून वाढविलेले कोंबडे कोणास देऊन टाकणे जिवावर आले. तेव्हा शेजाऱ्यांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात ते डालग्यात घालून तिच्या मामांच्या शेतावर पाठवितो. पाळ्यांचा हिशेब मात्र कन्याच भिंतीवर खडूने मांडून ठेवते.