जुनी बोट आणि निळी वही

आपण मध्यमवर्गीय माणसे जुन्या वस्तूंच्या संगतीतच लहानाची मोठी होतो. थोरल्याची पुस्तके धाकट्याला मिळतात, मामाची सायकल भाच्याकडे येते, आणि घरातली पहिली मोटार बहुधा दुसऱ्या कुणीतरी वापरलेली असते. त्यामुळे जुनी वस्तू पारखण्याची विद्या आपल्याला उपजतच येते, असा आपला समज असतो. टायरला लाथ मारावी, दार दोनदा उघडून मिटावे आणि "किती पळाली?" असे गंभीरपणे विचारावे, की झाली परीक्षा! पण जुनी मोटरबोट घ्यायची असेल, तर लाथ नेमकी कुठे मारायची?

हा प्रश्न मला एरवी कधी पडला नसता. मराठीचा प्राध्यापक आणि मोटरबोट यांचा संबंध फार तर शब्दकोशापुरता. परंतु उलव्याला आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक इंजिनीअरसाहेब राहतात. उभा जन्म त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढला. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत त्यांनी घरातले नळ, शेजाऱ्यांचे मिक्सर आणि सोसायटीचा पंप दुरुस्त केला. पुढे दुरुस्त करण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा ते खिडकीत बसून खाडीकडे पाहू लागले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. २१.८ किलोमीटरांचा पूल, त्यातले १६.५ किलोमीटर समुद्रावरून! मुंबईला जाताना आता पाण्याला पाय लावायला नको, म्हणून सारे उलवे आनंदात असताना साहेबांनी जाहीर केले, की आपण बोट घेणार. करंजाला एका डॉक्टरांची जुनी, पण उत्तम राखलेली केबिनची मोटरबोट विकायची होती.

काकूंनी हातातले वाटाणे खाली ठेवले. "जुनी?" एवढेच त्या म्हणाल्या.

साहेबांनी मला साक्षीला बसवून व्याख्यान दिले. जुने म्हणून हिणवू नये. आपल्या देशानेच 'विराट' जुनी घेतली. ती मुळात इंग्रजांची 'हर्मिस', १९५९ सालापासून त्यांच्या आरमारात होती, १९८२ साली फॉकलंडचे युद्ध लढली, आणि १९८७ साली आपल्याकडे येऊन पुढे तीस वर्षे राबली. त्याही पलीकडचे पाहा. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगते आहे. "बोटीचे वय विचारू नये, बोट कुणी कशी राखली ते विचारावे," असा त्यांनी समारोप केला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, 'रामदास' तरी कुठे जुनी होती?"

साहेब गप्प झाले. काकूंचे माहेर रेवसकडचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत काकूंचे आजोबा होते. बोट १९३६ साली बांधलेली, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांची. त्या दिवसानंतर काकूंच्या आजीने जन्मात लाँचमध्ये पाऊल टाकले नाही. मुंबईला जायचे तर पनवेलवरून एसटीचा वळसा घालून जायची. अशा घरातल्या बाईसमोर 'उत्तम राखलेली' या दोन शब्दांची किंमत ती काय!

तरीही त्या बरोबर आल्या. "मला बोटीतले कळत नाही, पण माणसातले कळते," म्हणाल्या. खारकोपरहून उरणची लोकल धरली आणि पुढे रिक्षाने आम्ही करंजाला पोचलो.

पुढचे दोन तास म्हणजे माझ्यासाठी एक शिकवणीच होती. साहेबांनी बोटीवर चढताच इंजिनावर तळहात ठेवला. ते थंडगार होते. विकणारा लबाड असला, तर तो गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे ते पहिल्या फटक्याला सुरू होते. मग तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे समजावे. इंजिन सुरू झाल्यावर धुराचे निरीक्षण झाले. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, निळा म्हणजे तेल जळते, पांढरा आणि न थांबणारा असेल तर आणखी खोलवर पाहावे. बोट भरतीला वर ओढून घेतलेली होती. तिच्या फायबरच्या अंगावर साहेब लहानशी हातोडी वाजवत वीतवीतभर सरकत होते. बायका कुंभाराकडे मडके वाजवून पाहतात ना, अगदी तसे! खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत थर सुटले आहेत. पंख्याजवळ जस्ताचा एक तुकडा बसवलेला दिसला, अर्धाअधिक झिजलेला. हा झिजतो म्हणून पंखा वाचतो. खारे पाणी आधी जस्ताला खाते. "आमच्या घरात हे काम मी करते," काकू म्हणाल्या.

बोटीचे वय किलोमीटरांत नव्हे, तर इंजिनाच्या तासांत मोजतात, हेही तेव्हा कळले. आणि गंमत अशी, की तास फार कमी असले तरी जाणता गिऱ्हाईक बिचकतो. न चालवलेले इंजिन बसल्या जागी गंजते. हे सांगताना साहेबांचा आवाज जरा बदलला, असे मला वाटले. काकूंनाही वाटले असावे, कारण त्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

नोंदणीचे कागद, तपासणीचा दाखला, विमा असे सारे जागच्या जागी होते. डॉक्टर आता ऐंशीच्या घरात आहेत, गुडघ्यांमुळे बोटीवर चढता येत नाही. त्यांनी शेवटी एक निळी वही पुढे केली. सोळा वर्षांत तेल कधी बदलले, गाळणी कधी, जस्त कधी, सगळ्याची तारीखवार नोंद होती. साहेब हरखून पाने उलटू लागले. काकूंनी वही हळूच काढून घेतली आणि चष्मा लावून वाचायला बसल्या. बराच वेळ त्यांचे बोट ओळींवरून फिरत होते.

"अकरा वेळा," त्या एकदम म्हणाल्या.

"काय अकरा वेळा?"

काकूंनी एक ओळ दाखवली. 'वारा वाढला. अर्ध्यातून परत.' असे सोळा वर्षांत अकरा ठिकाणी लिहिलेले होते. एकदा तर पाहुणे मुंबईहून आले होते, जेवणाचे डबे भरलेले होते, तरीही परत.

"पाहुण्यांना राग नाही आला?" काकूंनी विचारले.

"आला की," डॉक्टर हसले. "पण सगळे घरी जाऊन रागावले."

काकूंनी वही मिटली. "बोट घ्या," त्या साहेबांना म्हणाल्या. "पण पावसाळ्यात ती पाण्यात जाणार नाही. जितकी माणसे तितकी जाकिटे, आणि धक्का सोडायच्या आधी ती अंगात. आणि वही मी लिहिणार."

परतीच्या लोकलमध्ये मी शब्दांत रमलो होतो. शेतकऱ्याचा नांगर आणि बोटीचा नांगर यांना मराठीत शब्द एकच आहे. जमिनीत रुततो तो नांगर, मग जमीन शेताची असो वा समुद्राच्या तळाची. उलव्याच्या भातशेतांतला पहिला नांगर आता इमारतींखाली गेला. दुसरा काकूंच्या हाती आला आहे.

नारळी पौर्णिमा झाल्यावर पहिली फेरी निघाली. साहेबांच्या कपाळावर कितीतरी महिन्यांनी तेलाचा काळा डाग दिसला आणि तो पुसायची त्यांना मुळीच घाई नव्हती. मला नव्या वहीतली पहिली नोंद वाचायला मिळाली. काकूंच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, 'हवा चांगली. जाकिटे घातली. आजी, रेवसचा धक्का लांबून पाहिला.'