खाडाखोडीचा एकांत

गर्दीच्या वेळी उल्हासनगर ते सीएसएमटी हा लोकलचा प्रवास धडधाकट माणसालाही नकोसा होतो. सेंट झेवियर्समध्ये शिकताना प्रांजल पाटील तो रोज करायची. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण झालं आणि मग हे रोजचं जाणं-येणं. कुणी हात धरून डब्यात चढवायचं. कुणी म्हणायचं, इतक्या लांब कशाला, इथेच शीक की!

2016 साली ती यूपीएससी उत्तीर्ण झाली, पण दिसत नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत नेमणूक नाकारली गेली. तिने पुन्हा परीक्षा दिली, 124वा क्रमांक मिळवला, आयएएस झाली आणि 2019मध्ये तिरुअनंतपुरमची उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाली. बातम्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, ते योग्यच. पण त्यात एक गोष्ट राहून गेली, ती लिहिण्याची.

अशा परीक्षेत उत्तर अंध उमेदवाराचं, हात लेखनिकाचा. तीन तासांच्या पेपरला चार तास मिळतात, तरी सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळला नाही तर येत असलेलं उत्तरही अर्धवट राहतं.

विदर्भातल्या गुलाबराव महाराजांचं (1881–1915) अफाट लेखन असंच दुसऱ्यांच्या हातून कागदावर आलं. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या माणसाने चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. थक्क व्हावं असंच हे काम आहे. पण प्रत्येकाला अशी स्मरणशक्ती आणि असे शिष्य कुठून मिळणार? लिहिणाऱ्याला आपलं फसलेलं वाक्य कुणाला न दाखवता खोडता आलं पाहिजे. समोर कुणी लिहून घेत बसलं असेल तर माणूस संकोचतो, आहे तेच पुरे म्हणतो.

हा एकांत आधी ब्रेलच्या पाटीने दिला, नंतर स्क्रीन रीडरने. 2006 साली सुरू झालेलं एनव्हीडीए हे असं सॉफ्टवेअर तर मोफत मिळतं. संगणक मजकूर वाचून दाखवतो, लिहिणारा हवं तिथे थांबतो, पुसतो, पुन्हा लिहितो. मराठीत मात्र ऱ्हस्व-दीर्घ नुसतं ऐकून नीट कळत नाही. बाणाची कळ दाबत एकेक अक्षर तपासावं लागतं. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांचे ठिपके वेगळे, त्यामुळे फरक बोटालाच कळतो. म्हणूनच मुलांच्या हातून ब्रेल सुटू देऊ नये.

आणि वाचल्याशिवाय लिहिणार काय? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं. एवढी जुनी वाचनपरंपरा असलेल्या या पट्ट्यात अंध वाचकाला छापील पुस्तक हाती येऊनही वाचता येत नाही. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अशा वाचकांसाठी पुस्तकाची ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल प्रत करू देतो. अडतं ते फाँटपाशी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली मराठी फाइल स्क्रीन रीडरला दिली की निरर्थक अक्षरांचा गोंगाट ऐकू येतो. पुस्तक छापायला जातं तेव्हा टंकलेली फाइल प्रकाशकाकडे असतेच. तिची युनिकोड प्रत त्याच वेळी करून ठेवली, मागणाऱ्या वाचनालयाला दिली, तर डोंबिवलीतल्या एखाद्या मुलीला नवी कादंबरी तिच्या मैत्रिणींबरोबरच वाचता येईल.