चोराला सोडून संन्याशाला फाशी

‘लिनक्सवर वायफाय चालत नाही हो, विंडोज टाकून घ्या.’ उल्हासनगरच्या कॅम्पात जा किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या स्टेशनाबाहेरच्या गल्लीत, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडून हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. यातला पहिला भाग मला टोचत नाही, कारण बऱ्याचदा तो खरा असतो. टोचतं ते त्यातलं गृहीतक. वायफाय चालत नाही म्हणजे दोष लिनक्सचा, फुकटात मिळालेल्या वस्तूचा, हौशी लोकांच्या अर्धवट कामाचा, असं धरूनच पुढचं बोलणं होतं. ज्याने कार्ड बनवलं, पैसे घेतले आणि ते कसं चालवायचं हे सांगायला नकार दिला, त्याचं नावही या बोलण्यात निघत नाही. ही चर्चा आता वाढणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी जुने लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे झाले. त्यांना लिनक्स हाच शहाणा पर्याय आहे. पण अंबरनाथजवळच्या जांभूळसारख्या गावात बहुतेक घरांमध्ये इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. वायर टाकलेली नसते आणि पातळ लॅपटॉपांना हल्ली लॅनचं भोकही नसतं. अशा ठिकाणी वायफाय लागलं नाही की कॉम्प्युटरच लागला नाही, असाच हिशेब होतो.

नेमकं अडतं कुठे, ते आधी पाहू. वायफायच्या कार्डावर एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याला स्वतःचा प्रोग्राम लागतो, तो फर्मवेअर. लॅपटॉप सुरू झाला की लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाताळणारा प्रोग्राम, फर्मवेअरची फाइल कार्डात भरतो, मग रेडिओ जागा होतो. फाइल नसेल तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींमध्ये एक ओळ उमटते : फर्मवेअर लोड झालं नाही, एरर उणे २. या उणे दोनचा अर्थ ‘फाइल सापडली नाही’ एवढाच आहे. कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, अँटेना ठीक. कंपनीची एक फाइल जागेवर नाही. हे आपल्या पाण्यासारखंच झालं : घरात नळ आहे, दारात पाइप आहे, बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या केंद्रात शुद्ध होऊन निघालेलं आहे. पण व्हॉल्व्हची चावी ज्याच्या हातात, पाणी केव्हा येणार ते तोच ठरवतो. आता ही फाइल लिनक्सवाल्यांनी आपल्या सीडीत आधीच का घातली नाही? कारण अनेक कंपन्यांनी तसं वाटायची परवानगीच दिली नव्हती. मग ती फाइल इंटरनेटवरून उतरवायची. आणि इंटरनेट कशावरून? तर त्याच वायफायवरून, जे ती फाइल नाही म्हणून चालत नाही.

या बाबतीत ब्रॉडकॉम या चिप कंपनीचं प्रकरण इतकं बोलकं आहे की ते घाईत सांगून भागत नाही. २००२ च्या अखेरीस लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आला. त्यात ब्रॉडकॉमची चिप होती. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की या डब्यात आत लिनक्स चालतंय. लिनक्सचा परवाना सांगतो की बदल करून विकलंत तर सोर्स कोड द्या. गवगवा झाल्यावर कंपनीने कोड दिला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. पण त्या कोडमध्ये एक तुकडा बंदच राहिला : वायफायचा ड्रायव्हर. तो फक्त यंत्राच्या भाषेत, न वाचता येणाऱ्या रूपात मिळाला. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ब्रॉडकॉमकडे लिनक्ससाठी चालणारा ड्रायव्हर होता आणि तो राउटरांबरोबर घरोघर पोचतही होता. त्याच काळात त्याच कुळातल्या चिपा डेल, एचपी आणि ॲपलच्या लॅपटॉपांत बसत होत्या, आणि त्या लॅपटॉपांवर लिनक्स टाकणाऱ्याला मात्र उत्तर होतं : ड्रायव्हर नाही. आपल्या दुकानदाराने काढलेलं अनुमान, म्हणजे ‘लिनक्सला जमत नाही’, इथे पार कोसळतं. जमत होतं. राउटर विकायचा असला की जमत होतं.

मग जे झालं ते मला आजही थक्क करतं. काही स्वयंसेवकांनी राउटरमधला तो बंद ड्रायव्हर उलगडायला घेतला. कॉपीचा आरोप येऊ नये म्हणून त्यांनी काम दोन गटांत वाटलं. एका गटाने बंद प्रोग्राम न्याहाळून फक्त वर्णन लिहायचं : अमुक जागी अमुक आकडा लिहिला की चिप अमुक करते. दुसऱ्या गटाने मूळ प्रोग्रामकडे न बघता, केवळ वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. जी माहिती कंपनीच्या कपाटात तयार पडली होती ती मिळवायला एवढा खटाटोप! २००६ च्या जूनमध्ये, लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत तो ड्रायव्हर आला. तरी फर्मवेअरचं त्रांगडं उरलंच, कारण ते वाटायला परवानगी नव्हती. म्हणून ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ नावाचं एक कात्रीवजा साधन बनलं. कंपनीच्या बंद ड्रायव्हरची फाइल आपण मिळवायची आणि त्यातून फर्मवेअरचा तुकडा कापून योग्य फोल्डरात ठेवायचा. पैसे देऊन विकत घेतलेल्या कार्डासाठी हे. दुसरी वाट एनडीआयएस रॅपरची होती, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हरच लिनक्सच्या पोटात बसवायचा. तेही लोकांनी केलं. अखेर सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला, तेव्हा आनंदीआनंद झाला. मधल्या वर्षांत शिव्या खाल्ल्या त्या स्वयंसेवकांनी, आणि शाबासकी घेतली कंपनीने.

यावर कुणी म्हणेल, एका कंपनीच्या जुन्या वागण्यावरून सगळ्यांना का झोडता? म्हणून दुसरा दाखला घेऊ. रिअलटेकचं आरटीएल८७२३बीई हे कार्ड एके काळी स्वस्त लॅपटॉपांत सर्रास असायचं, आणि सेकंडहँड बाजारात आजही भेटतं. त्याची तक्रार ठरलेली : राउटरच्या शेजारी बसलं तर नेट येतं, दुसऱ्या खोलीत गेलं की गायब. ही तक्रार ऐकली की सगळे म्हणतात, लिनक्सचा ड्रायव्हर कच्चा. प्रत्यक्षात कार्डावर अँटेनाच्या दोन जागा. काही लॅपटॉपांत वायर एकाच जागी जोडलेली, दुसरी जागा रिकामी, आणि कार्डाच्या स्मृतीत नोंद भलत्याच जागेची. ड्रायव्हर बिचारा नोंदीवर विश्वास ठेवून रिकाम्या भोकाशी कान लावून बसतो. उपाय एका ओळीचा आहे : मॉडप्रोबच्या फोल्डरात एक फाइल करून तीत ‘अँट_सेल’ची किंमत १ लिहायची, नाही जमलं तर २, आणि लॅपटॉप पुन्हा चालू करायचा. ही सोय ड्रायव्हरमध्ये आली ती लॅपटॉप बनवणाऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी. रिअलटेकचे हे ड्रायव्हर लिनक्समध्ये वर्षानुवर्षं सांभाळले लॅरी फिंगर या निवृत्त अमेरिकन गृहस्थांनी. ब्रॉडकॉमच्या उलगडण्यातही त्यांचा हात होता. जून २०२४ मध्ये ते वारले तेव्हा वय ऐंशीच्या पुढे होतं. जगभरच्या स्वस्त लॅपटॉपांचं वायफाय एका निवृत्त माणसाच्या चिकाटीवर उभं असावं, यात त्यांचा मोठेपणा आहे आणि उद्योगाची लाज.

आपल्याजवळचं उदाहरण हवं असेल तर शेजारच्या रायगड जिल्ह्यातलं खैराट आहे. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग तिथल्या छोट्या मराठी शाळेत झाला. मुलांच्या हातात आलेला हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप फेडोरा लिनक्सवर चालायचा. त्याच्या कीबोर्डवर चक्क एक कळ होती, जी दाबली की समोरच्या कामामागचा सोर्स कोड बघता यावा. पोरांनी उघडून पाहावं, शिकावं, मोडावं, जोडावं, ही त्यामागची कल्पना. आणि त्याच यंत्रातली मार्व्हेलची वायफाय चिप मात्र बंद फर्मवेअरवर चालणारी. ओपनबीएसडी या खुल्या प्रणालीचे थिओ द राट यांनी २००६ मध्येच यावर झोड उठवली होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांचाही आक्षेप होता. योजनेच्या लोकांचं उत्तर अगदीच पोकळ नव्हतं. लॅपटॉप झोपलेला असतानाही शेजाऱ्याचे संदेश पुढे पाठवू शकेल, म्हणजे एकमेकांना जोडून जाळं करू शकेल, अशी दुसरी चिप त्यांना मिळत नव्हती. खैराटच्या मुलांचं शिकणं या फर्मवेअरमुळे अडलं, असंही मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. मी एवढंच म्हणतो की मुलांसाठी, मोकळेपणाच्या नावाने, बिनफायद्याच्या संस्थेने बनवलेल्या यंत्रातसुद्धा जर चिप कंपनीने हा एक कोपरा बंद ठेवला, तर तुमच्या-माझ्या लॅपटॉपाची काय कथा?

कंपन्यांच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा कायद्याचा मांडला जातो. वायफाय म्हणजे रेडिओ. कोड खुला केला तर कुणीही वाटेल त्या फ्रीक्वेन्सीवर, वाटेल तेवढ्या ताकदीने बोंबलेल. भीती खोटी नाही. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये, दोन्ही मर्यादा घालूनच. पण ॲथेरॉस या चिप कंपनीने २००८ मध्ये एथ९के हा पूर्ण खुला ड्रायव्हर दिला, ज्याला लॅपटॉपातल्या कार्डांसाठी वेगळी फर्मवेअरची फाइलही लागत नाही. तो तेव्हापासून चालतोय आणि त्याने आकाश कोसळलेलं नाही. देशोदेशीच्या मर्यादांची यादी लिनक्स स्वतंत्र ठेवतं. ‘आयएन’ लिहिलं की भारताचे नियम लागू. उलट अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामकाने २०१६ मध्ये टीपी-लिंक या राउटर कंपनीकडून दोन लाख डॉलर वसूल केले, ते राउटर ठरलेल्या ताकदीपेक्षा जास्त बोलू शकत होते म्हणून, आणि तेही कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधल्या देश निवडायच्या सोयीमुळे. त्याच तडजोडीत दुसऱ्यांचं खुलं सॉफ्टवेअर राउटरवर चालू देण्याच्या दिशेने काम करण्याचं कंपनीने कबूल केलं. कायद्याचं निमित्त सांगणाऱ्यांना खुद्द कायदा राखणाऱ्यानेच दिलेलं हे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा : लिनक्स वापरणारे असे किती? लॅपटॉपवर थोडेच. पण ॲन्ड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, बहुतेक राउटरांतही आहे. चिप कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहीतच असतात. प्रश्न फक्त तो कुणाच्या हातात देतात याचा. तिसरं म्हणणं फार व्यवहारी : एवढं रडता कशाला, डोंगल लावा किंवा कार्ड बदला. डोंगलचं म्हणाल तर खोक्यावर तेच नाव ठेवून आतली चिप बदलण्याची या धंद्यात जुनी खोड आहे, म्हणून कालचं चाललेलं डोंगल आजचं चालेलच असं नाही. कार्ड बदलायचं म्हणाल, तर कित्येक जुन्या थिंकपॅडांत आणि एचपीच्या लॅपटॉपांत बायोसमध्येच मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की थिंकपॅड एरर १८०२ दाखवून सांगतो, अनधिकृत कार्ड, बंद करा आणि काढा. स्वतःच्या पैशांच्या लॅपटॉपात स्वतःच्या पैशांचं कार्ड, आणि अनधिकृत कोण तर आपण.

इथवर आल्यावर मी ठणकावून सांगायला हवं की बंद फर्मवेअर घरात घेऊच नका. डेबियन या लिनक्सच्या जुन्या वितरणाने अनेक वर्षं जवळजवळ तसंच केलं; त्याच्या अधिकृत सीडीत बंद फर्मवेअरला जागा नव्हती, आणि तत्त्व म्हणून मला ते पटत आलंय. पण त्याची किंमत कंपन्यांनी मुळीच भरली नाही. पहिल्यांदाच लिनक्स टाकणाऱ्या पोराने भरली, ज्याला इन्स्टॉलर विचारायचा : अमुक फाइल हवी, पेनड्राइव्ह आहे का? ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या मंडळींनी मतदान घेऊन हा हट्ट सोडला आणि जून २०२३ च्या बारा नंबरच्या आवृत्तीपासून फर्मवेअर सोबतच येतं. मला विचाराल तर बरं केलं. वर जे सगळं लिहिलं त्याच्याशी हे विसंगत आहे, हे दिसतंय मला. इंटेलसारख्या कंपनीने ड्रायव्हर खुला देऊन फर्मवेअर बंद ठेवलं पण वाटायची मोकळीक दिली, तर तेवढ्यावर समाधान मानणारा माणूस खुलेपणाचा कैवारी कसला? तरी समाधान मानतोच.

ज्यांचं आज अडलंय त्यांच्यासाठी : ॲन्ड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुधा लगेच नेट मिळतं, मग फर्मवेअर उतरवा. ‘आरएफकिल लिस्ट’ करून बघा, कधी कधी फक्त ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ असतं आणि एका आज्ञेत सुटतं. ‘एलएसपीसीआय’ने चिपचं खरं नाव काढा, लॅपटॉपवरच्या स्टिकरला काही किंमत नाही. सेकंडहँड घेताना दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून वायफाय पाहा, दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. पण एकेकट्या गिऱ्हाइकाच्या अशा हुशारीने कंपन्या हलत नाहीत. त्या हलतात मोठ्या खरेदीने. जिल्हा परिषदा, नगरपालिका, विद्यापीठं लॅपटॉपांची निविदा काढतात तेव्हा रॅम आणि हार्डडिस्कचे रकाने भरभरून लिहितात. तिथे आणखी एक अट टाकायला काय हरकत आहे : वायफायचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये असावा आणि फर्मवेअर मोफत वाटायची परवानगी असावी? ‘पूर्ण खुलं’ असं लिहायचा मोह मला होतो आणि मी तो आवरतो, कारण त्या अटीत आजच्या बाजारातलं एकही नवं कार्ड बसेल की नाही याची धास्ती वाटते. ही धास्ती कुणी निर्माण केली, ते एव्हाना सांगून झालंच आहे.