परक्यांनीं दिलेली किल्ली

आमचे वडील ती. अण्णा यांनीं निवृत्तीनंतरचीं अकरा वर्षें कुलवृत्तांत तयार करण्यांत घालविलीं. गांवोगांवच्या नातलगांस कार्डें लिहावीं, त्र्यंबकेश्वरीं व नाशिकास जाऊन क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या चाळाव्या, एकाच नांवाच्या तीन गोविंदांपैकीं कोणता कोणाचा याचा निवाडा करावा, असा त्यांचा क्रम असे. २००१ सालीं ग्रंथ छापून झाला. प्रती आप्तमंडळींत वांटल्या गेल्या आणि २००९ सालीं अण्णाही गेले. मागें राहिली त्यांची एक तबकडी, आणि त्यांनीं लिहिलेलें सर्व कांहीं तींत सुरक्षित आहे ही आम्हां सर्वांची समजूत.

गेल्या वर्षीं दुसरी आवृत्ति काढण्याचें घरांत ठरलें, तेव्हां ही समजूत किती पोकळ होती तें कळून आलें. तबकडी संगणकांत घातली, फायलींचीं नांवें दिसलीं. पण एकही फाइल उघडेना. ज्या प्रोग्रॅमांत अण्णांनीं मजकूर जुळविला होता तो त्या काळीं छापखान्यांतून सर्रास चाले. आज तो विकतही मिळत नाहीं. पेटी आमची, आंतील ऐवज आमचा, कुलूप मात्र दुसऱ्याचें, आणि कुलूपवाला गांव सोडून गेलेला, अशी आमची स्थिति झाली.

छापील प्रत होतीच. तीवरून पुन्हा जुळणी करतां आली असती. पण ही गोष्ट निघाली तेव्हां ओटीवर बसलेल्या आमच्या आत्याबाई हळूच म्हणाल्या, "अरे, छापल्यानंतर अण्णानं मुलींचंही सगळं लिहून ठेवलंय. मला वाचून दाखवलं होतं त्यानं." आत्याबाई आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. कुलवृत्तांतांच्या रिवाजाप्रमाणें छापील ग्रंथांत त्यांच्याविषयीं एकच ओळ आहे : नांव, जन्मशक, आणि कोणत्या घरीं दिली. चाळीस वर्षें त्यांनीं शाळेंत शिकविलें, चार मुलें वाढविलीं, त्याचा उल्लेख नाहीं. तो अण्णांनीं मागाहून केला असला, तर तो त्या तबकडींत होता, अन्यत्र कोठेंही नव्हता.

शोधाचें काम आमच्या पुतण्यानें अंगावर घेतलें. पहिल्याच दिवशीं त्यानें 'फुकट' असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें एक बटण दाबलें आणि संगणकाच्या पडद्यावर जाहिरातींचा असा पाऊस पडला कीं, दोन दिवस तो निस्तरण्यांत गेले. वहिनी म्हणाल्या, "फुकटचं खावं आणि औषधाला पैसे मोजावे, त्यांतली गत!" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें, पण फुकट आणि मुक्त यांत अंतर आहे, हें आम्हांस त्या निमित्तानें शिकावयास मिळालें.

संगणकाचा प्रोग्रॅम प्रथम माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितात. त्या लेखनास स्रोत म्हणतात. विकणाऱ्या कंपन्या बहुधा हा स्रोत आपल्याजवळ ठेवून यंत्रास कळणारें रूप तेवढें गिऱ्हाइकाच्या हातीं देतात. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं याविरुद्ध चळवळ सुरू केली. प्रोग्रॅम वापरावा, त्याची घडण तपासून तींत फेरफार करावा, त्याच्या प्रती इतरांस द्याव्या आणि सुधारलेली प्रतही वांटावी, हें स्वातंत्र्य प्रत्येकास असलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 'मुक्तस्रोत' या अर्थाचें इंग्रजी नांव १९९८ सालीं रूढ झालें.

आमच्या आजोबांस यांत नवल वाटलें नसतें. पोथी ज्याला हवी त्यानें उतरवून घ्यावी, चूक आढळल्यास समासांत दुरुस्ती करावी, हीच त्यांची रीत. पुण्यास भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभून १९६६ सालीं पुरें केलें, तें देशभर विखुरलेल्या हस्तलिखितांच्या बळावर. एकच प्रत एकाच कपाटांत कुलूपबंद असती तर संशोधकांस मेळ कशाचा घालतां आला असता? अण्णांची तबकडी तशी एकुलती एक प्रत होती.

यापुढें पुतण्यानें सावधपणें पावलें टाकलीं. प्रोग्रॅम घ्यावयाचा तो तो रचणाऱ्या मंडळींच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच. परवाना कोणता आहे तें वाचावें. शेवटची आवृत्ति केव्हां निघाली तें पाहावें, कारण पांच वर्षें हात न लागलेला प्रोग्रॅम म्हणजे ओसाड वाडा. आणि तो एकाच माणसावर चालतो कीं पुष्कळांच्या खांद्यावर, याची चौकशी करावी. ज्या वाचकांच्या घरीं मुलें संगणकाशीं खेळतात, त्यांनीं हे चार नियम भिंतीवर लावून ठेवावे.

अशा रीतीनें तो लिबरऑफिसपर्यंत पोंचला. पत्रें, हिशेब, चित्रें या सर्वांची सोय असलेला हा संच २०१० सालापासून या नांवानें चालू आहे. जगांतून नाहींशा होत चाललेल्या प्रोग्रॅमांच्या फायली वाचण्याची तजवीज कांहीं स्वयंसेवकांनीं त्यांत मुद्दाम करून ठेवली आहे. २०१४ सालीं त्यांनीं या उद्योगास दस्तऐवजांच्या मुक्ततेचें कार्य असें नांवही दिलें. त्या संचाच्या चित्रें काढण्याच्या भागांत अण्णांची फाइल उघडली! पानें विसकटलेलीं होतीं, चौकटी एकमेकींवर चढल्या होत्या. पण पानें होतीं.

मात्र अक्षरें मराठी नव्हतीं. जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेल्या असत. तो टंक नसल्यामुळें नुसतें रोमन गबाळ दिसे. तें युनिकोडांत आणण्याचें साधनही कोणा परोपकारी माणसानें रचून खुलें ठेवलेलें सांपडलें. पण जुन्या टंकांत अक्षरें डोळ्यांस दिसतात त्या क्रमानें मांडीत, आणि युनिकोडांत तीं उच्चाराच्या क्रमानें मांडतात. त्यामुळें गोविंदाची वेलांटी 'व'च्या आधींच येऊन पडे आणि दुर्गेचा रफार 'ग'च्या मागें रेंगाळे. तीन आठवडे आम्ही, बंधु व वहिनी रात्रीं जेवणें झाल्यावर बसून वेलांट्या आणि रफार जागच्या जागीं बसवीत होतों. अण्णांच्या मृत्यूनंतर सर्वांनीं मिळून केलेलें तें पहिलेंच काम.

शेवटच्या फायलींत मुली निघाल्या. एकशेंबारा माहेरवाशिणी, कोणाचें शिक्षण, कोणाची नोकरी, कोणाचीं मुलें-नातवंडें. हीं नांवें मांडावीं कोठें, हा प्रश्न होता. कारण आमची वंशावळ मुलग्यांच्या फांद्यांनींच वाढत जाणारी. त्यासाठीं पुतण्यानें ग्रॅम्प्स नांवाचा वंशावळीचा मुक्त प्रोग्रॅम आणला. त्यांत प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंद असते, मग ती स्त्री असो वा पुरुष. 'दिली' म्हणून ओळ संपत नाहीं. गोत्राचा रकाना त्यांत आयता नाहीं, पण हवा तो गुणधर्म आपण जोडूं शकतों. तसा आम्हीं जोडला.

नवा ग्रंथ आम्ही छापणार आहोंच. शिवाय लिबरऑफिस ज्या खुल्या स्वरूपांत लेखन ठेवतो, ज्याला २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली, त्यांतही त्याच्या प्रती सात घरीं ठेवल्या आहेत. वहिनींच्या सूचनेवरून दोन्ही प्रोग्रॅमांच्या मंडळींस यथाशक्ति दक्षिणाही धाडली. कोणीं मागितली नव्हती. पण जेवून उठतांना पाटाखालीं कांहीं ठेवावें, असें त्यांस वाटलें.

आत्याबाईंचें पान मोठ्या अक्षरांत काढून आम्हीं त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें. "शाळा सोडल्याचं साल चुकलंय," असें म्हणून त्यांनीं तें दुरुस्त करविलें. मग विचारलें, "पण हें उघडून दिलं कुणी?" आम्हीं सांगितलें कीं, देशोदेशींच्या अनेकांनीं, आम्ही त्यांपैकीं कोणासही ओळखत नाहीं.

"त्यांचीं नांवं तरी कुठं लिहिलेलीं असतील ना?"

पुतण्यानें पडद्यावर श्रेयनामावलि काढून दाखविली. नांवांच्या रांगांमागून रांगा वर सरकूं लागल्या. आत्याबाईंनीं चष्मा पुसला आणि त्या वाचूं लागल्या.