तारीख चुकली, मॅडम

सोलापुरात आम्हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा एक हंगाम असतो. आषाढी वारीला तो सुरू होतो आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला संपतो. मधे गौरी, घटस्थापना आणि कोजागिरीला तुळजापूरची पायी वाट. या दिवसांत येणाऱ्या निम्म्या बायकांना काही झालेलं नसतं, त्यांना फक्त पाळी पुढे ढकलायची गोळी हवी असते. काही जणी तर दवाखान्याची पायरीही चढत नाहीत, मेडिकलमधून परस्पर घेतात. ही गोळी नॉरएथिस्टेरॉनची. ती चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिथून पुढची सगळी मोजणी सरकते. मग दिवाळीनंतर त्यातलीच एखादी येऊन सांगते, ‘मॅडम, तारीख चुकायला लागलीय.’

पायात कधी रक्ताची गाठ झालेली असेल, तर ही गोळी घेऊच नये. हे मेडिकलवाला विचारत नाही.

आमच्याकडे पाळीचा हिशेब ‘कालनिर्णय’वर असतो, दुधाच्या रतिबाच्या शेजारी. एका बाईंनी पानंच फाडून आणली होती. ऑगस्टच्या 4 तारखेवर फुली, सप्टेंबरच्या 1 तारखेवर फुली. ‘बघा, तीन दिवस आधी आली.’ मी मोजून दाखवलं, बरोबर 28 दिवस. तारखेला तारीख जुळवायची नसते. रक्तस्राव सुरू झाल्याच्या दिवसापासून पुढच्या वेळी तो सुरू होईपर्यंतचे दिवस मोजायचे. मोठ्या बाईचं हे अंतर 24 ते 38 दिवसांत असलं आणि दर वेळी त्यात आठवड्याच्या आतबाहेर फरक पडला, तर ते नियमितच. अनियमित म्हणून आलेल्या कितीतरी जणींना मी एवढंच सांगून, गोळी न देता घरी पाठवते. त्या थोड्या नाराज होऊन जातात.

खरी गंमत चक्राच्या दोन भागांत आहे. आधी बीजकोशात बीज वाढतं, त्याच्यासोबत इस्ट्रोजेन आणि गर्भाशयाचं अस्तर. बीज सुटलं की त्याच्या रिकाम्या कवचातून प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागतं. गर्भ राहिला नाही तर हे कवच साधारण दोन आठवड्यांत आटतं आणि अस्तर सुटून येतं. हा दुसरा भाग फारसा लांबत नाही. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोघांनी 1920च्या दशकात स्वतंत्रपणे हे ओळखलं. लांबतो तो पहिला भाग. म्हणजे 40 दिवसांनी पाळी आली, तर बीज सुटलं सुमारे 26व्या दिवशी. त्यामुळे ‘कालपासून पाळी चुकलीय’ म्हणणाऱ्या बाईला मी कालचं विचारत नाही. तीन-चार आठवड्यांपूर्वी काय चाललं होतं? टायफॉइड, बारावीची परीक्षा, घरातलं लग्न, एकदम कमी केलेलं जेवण? मेंदूला दिवस बरे दिसले नाहीत की तो बीजाला थांबवतो.

बीज सुटलंच नाही, तर प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि मग कसंही ढासळतं. दोन महिने काही नाही, नंतर पंधरा दिवस अंगावरून जातंय, ही तक्रार बहुतेक वेळा त्यातली. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मुलींत हे सर्रास होतं, 45 दिवसांचं अंतरही त्या वयात चालतं. तरी आया सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन येतात, ‘हिला पीसीओडी निघालाय.’ त्या वयातल्या निरोगी बीजकोशातही ढीगभर बारीक पुटिका दिसतात. म्हणून पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं तरी या निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मान काळवंडते, वजन वाढतं, असं सगळं एकत्र आलं की मात्र मी कान टवकारते. अशा मुलीचं वजन थोडं उतरलं तरी बऱ्याचदा पाळी आपोआप रुळावर येते.

तपासण्या मी फार लिहीत नाही. आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, बाई काहीही म्हणो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन. आणि पिशवीतली औषधं टेबलावर ओतायला लावते. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधलं डॉमपेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवतं आणि पाळी लांबवतं. सरकारी दवाखान्यातलं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेलं असतं, ते बाईने घरात सांगितलेलं नसतं.

चाळिशीनंतरचं गणित वेगळं. बीज सुटणं विस्कळीत होतं, शिवाय फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप, क्वचित कर्करोगही. इथे न तपासता गोळ्या देत राहणं हा गुन्हा आणि न तपासता गर्भपिशवी काढणं त्याहून मोठा. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्याचं सर्वेक्षण आलं. सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. यातले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडातही येतात. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, मग दर महिन्याची कटकटच नको असं त्या बाईला वाटतं. इथल्या विडी कामगार बाईचंही तेच. मजुरी हजार विड्यांवर, दिवसभर सूप मांडीवर, तपासायला यायचं म्हणजे तेवढ्या विड्या बुडाल्या. रक्तस्राव कमी करणारी गोळी किंवा हार्मोनची तांबी यांतून पुष्कळ जणींची शस्त्रक्रिया टळते. पिशवीसोबत बीजकोशही काढले, तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते आणि हाडं झिजू लागतात.

एका तक्रारीला मात्र मी अनियमित पाळी म्हणूच देत नाही. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा एक डाग जरी दिसला, तरी ‘परत सुरू झाली’ म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा लागू शकतो. त्यासाठी सण सरायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात या.