चूलबंद

वहिनीने मोबाइलवर पहिल्या वाढदिवसाचं निमंत्रण करून ठेवलं होतं. फुगे, हत्ती, ढगावर झोपलेला ससा, मागे मंद पियानो आणि खाली माझ्या भाचीचं नाव. दिसायला गोजिरवाणं. आईने चष्मा लावून ते पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण हे घेऊन कुणाच्या दारात उभं कसं राहायचं?"

बोलणं खोचक होतं, खोटं नव्हतं. आमच्या मराठवाड्यात आमंत्रण वाचायचं कमी आणि द्यायचं जास्त. गावाकडे आवतण तोंडीच यायचं. सांगणारा दारात उभा राहून कुणाकडचं, कधीचं आणि कसलं ते सांगायचा. कसलं म्हणजे घरटी एका माणसाचं, की चूलबंद. चूलबंद असलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, आलागेला पाहुणा, सगळे पंगतीला. पुढे छापील पत्रिका आल्या, तरी त्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लागतच राहिली. पहिली पत्रिका देवापुढे, मग अक्षत घेऊन घरोघर. ज्याच्याकडे अक्षत गेली नाही तो माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही, आणि आठवणही दुसऱ्याच्याच लग्नात काढतो. एवढा मान तो ससा कुठून आणणार?

तर कार्डं घरीच करायची ठरली. काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगितलं मी, तेव्हा वर्षाने ते चारचौघांत सांगायलाही मीच.

कागदासाठी कागजीपुरा गाठला. पडेगाव, मिटमिटा मागे टाकायचं, दौलताबादच्या किल्ल्यापाशी सीताफळवाल्यांना चुकवायचं (चुकवता येत नाही), घाटातल्या अरुंद वेशीत अडकलेल्या गाड्यांमागे मुकाट थांबायचं, आणि खुलताबादच्या वाटेवर हे गाव. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. राजधानी आली की फर्मानं आली, हिशेब आले, कागद लागणारच. त्या लवाजम्याबरोबर कागद करणारे आले आणि इथे वसले, असं सांगतात. राजधानी काही वर्षांत परत गेली, कागजी राहिले. तुघलकाच्या साऱ्या उपद्व्यापांत मला तरी हा एकच धडाचा वाटतो.

चिंध्या भिजवून कुटायच्या, लगदा हौदातल्या पाण्यात ढवळायचा, जाळीची चौकट बुडवून अलगद वर उचलायची. पाणी गळून गेल्यावर जाळीवर उरतो तो कागद. जुन्या रीतीत ओले ताव भिंतीला चिकटवून वाळवत, मग खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे लेखणी अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. मला मात्र खरबरीत तावच हवे होते. रंग जरासा पसरला तर पसरू दे. एक ताव उजेडाकडे धरला तर आत निळ्या धाग्याचा तुकडा अडकलेला दिसला. कुणाच्या सदऱ्याचा की लुगड्याचा, कोण जाणे. आपल्याकडे तान्ह्या बाळाची दुपटी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची करतात. चिंध्यांच्या कागदावर भाचीचं आवतण जाणं मला त्याच रीतीतलं वाटलं.

मजकुरावरून घरात सभा भरली. वहिनीला लेकीच्या तोंडी बोल हवे होते, "मी एक वर्षाची झाले" वगैरे. दादा म्हणाला, तिला अजून "बाबा" आणि "भू" एवढंच येतं, मग "स्नेहभोजनाचा लाभ घ्यावा" ती कुठून म्हणणार? आईला तिथी हवी होती. बाबांना "कृपया आहेर आणू नये" हवं होतं. त्यावर आईचं म्हणणं, तसं लिहिलं की लोक आठवणीने पाकीट आणतात. आमच्या औरंगाबादचं नाव २०२३मध्ये सरकारी कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर झालं. ते नवं, लांबलचक नाव माझ्या अक्षरात कार्डाच्या रुंदीत मावेना, दोन ओळी कराव्या लागल्या. शेवटी मजकूर निम्म्याने कापला आणि उरलेल्या जागी बाळाचं पाऊल घ्यायचं ठरवलं.

ताटलीत अळता ओतून त्यात कापसाचा बोळा भिजवला. वहिनीने तिला मांडीवर घट्ट धरलं, मी तळव्याला अळता लावला. गार लागताच तिने बोटं अशी आखडून घेतली की पहिल्या तावावर नुसती टाच आली. मग दादाने खिडकीतल्या चिमण्या दाखवल्या. तेवढ्या गडबडीत बोटं सैल झाली आणि पाऊल टेकलं. मोठ्या माणसाचं पाऊल मधे कोरं राहतं. तिचं टाचेपासून बोटांपर्यंत सलग उमटलं, कारण तळव्याची गादी अजून भरलेली आहे. रंग कडेने तंतूंत शिरत गेला आणि पावलाला बारीक लाल लव फुटली. करंगळीचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा. पुढे तिला गोडी लागली आणि ती फरशीवरून, उशीवरून, बाबांच्या पांढऱ्या लेंग्यावरून पावलं टाकत सुटली. आई म्हणाली, "गौरी आल्या."

कार्डं वाळल्यावर कोपऱ्यांना हळदकुंकू लावून मी निघाले. सिडको, गारखेडा, समर्थनगर. हाताने केलेल्या कार्डाची हीच खोड आहे: ते कुरिअरने पाठवायला मन होत नाही, मग प्रत्येक घरी चहा प्यावा लागतो. वर्षभर ज्यांच्याशी फक्त अंगठे आणि फुलं यांची देवाणघेवाण झाली, त्यांच्या गुडघ्यांची दुखणी, बदल्या आणि नव्या गॅलऱ्या तेव्हा कळल्या.

राजाबाजारात आईच्या मावशी राहतात. त्यांनी कार्डावरचा मजकूर वाचलाच नाही. पावलाची बोटं नखाने एकेक मोजली, पाची भरल्यावर कार्ड देवघरात ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "चूलबंद ना?"

"चूलबंदच, मावशी."

"मग धाकटाही येईल पुण्याचा. बायको, पोरं, सासू, सगळी इथंच आहेत सध्या."

जिना उतरता उतरताच दादाला फोन लावला: गुलमंडीवर इमरती सांगितली असशील, तर जरा वाढवूनच सांग.