आईचा खण, नातीचा झंपर

आमच्या वेल्ह्याच्या घरात रेशमी कापड एवढेच होते: आईने लावणीच्या मजुरीतून भोरच्या बाजारात घेतलेला खण. तिने तो कधी शिवलाच नाही. शिंपी म्हणाला, एवढ्यात बसणार नाही. पण खरे कारण वेगळे होते. दुसऱ्यांची उतरलेली लुगडी नेसून जिचे बालपण गेले, तिला रेशीम अंगाला लावायचा धीर होत नाही.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड. तिथे डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले, की कपड्यांवरून जात ओळखू येईल असे राहू नका, स्वच्छ राहा. आमच्या घरात ही गोष्ट आईच्या आईपासून सांगितली जाते. तरी खण पेटीतच!

लेकीने बुद्धपौर्णिमेसाठी नवा झंपर मागितला, तेव्हा मी आईला विचारले. ती म्हणाली, "काप. पण वाया घालवू नकोस."

रेशमासाठी किडे मारतात, म्हणून नवा खण मी घेतला नसता. हा घरातच होता. गुळेदगुड्डच्या जुन्या खणात उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा असतो. कडेचा उभा धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली. रेशीम खरे.

खण एक वार लांब, पन्हा ३१ इंच. मधोमध कापून १८ इंचाचे दोन तुकडे केले. प्रत्येकातले २० इंच अंगाला, ११ इंच बाहीला. एक काठ खाली घेराला आला, दुसरा बाहीच्या तोंडाशी. काठाचे सूत सुटत नाही, म्हणून तिथे दुमडावे लागले नाही. मुंढ्याचा गोल कापला नाही. बाही सरळच जोडली. गळा ७ इंच रुंद, पुढे ३ इंच खोल. मागे ४ इंचाची चीर आणि एक बटण. गळ्याला जुन्या साडीची सुती पट्टी लावली. सुई बारीक, ११ नंबरची.

लेक म्हणाली, "किती जोड दिसतात!" मी तिला खिडकीतून भाताची खाचरे दाखवली. मगधातली अशीच बांधबंदिस्त शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तसे चीवर बेतायला सांगितले, असे विनयपिटकात आहे. भिक्खूंचे चीवर आजही तुकडे जोडूनच शिवतात.

झंपर घालून तिने दोन्ही हात वर केले. काखेत ओढले नाही. आईने काठ दोनदा चाचपला आणि म्हणाली, "मलाही बसला असता."